माईक कुणाच्या हाती? हिप-हॉपचे वस्तीतले मंच आणि बायकांचा आवाज

विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, ते आम्ही ऐकलं. हसणं रास्तच आहे. ज्यांनी उभा जन्म कांट आणि शंकराचार्य शिकवण्यात घालवला, त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर रॅपवर बोलावं म्हणजे काय! पण झालं असं की, आम्ही ज्या एका संस्थेच्या समितीवर आहोत, तिच्याकडे मध्यंतरी एक अर्ज आला. सहा-सात मुली आहेत, गुरुवारी संध्याकाळी मागची खोली हवी आहे, रॅपचा सराव करायचा आहे, महिन्यातून एकदा लोकांना बोलावून सादर करायचं आहे. नावांच्या यादीत एकाने लिंगाचा रकाना रिकामा सोडला होता. बैठकीत दोन आक्षेप निघाले. एक, रॅप म्हणजे शिव्या. दोन, मुलींचं वेगळं कशाला, सगळ्यांसाठीच ठेवा की. आम्ही दोन्हीला मान डोलावली. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण ज्याबद्दल मान डोलावली त्यातलं आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. मग वाचायला बसलो. आजचं बोलणं म्हणजे त्या वाचनाचा हिशेब आहे.

सुरुवात न्यूयॉर्कपासून करू. ब्राँक्स भागात सेजविक अव्हेन्यूवर 1520 क्रमांकाची इमारत आहे. 11 ऑगस्ट 1973 रोजी तिथल्या तळमजल्यावरच्या सामाईक खोलीत एक पार्टी झाली आणि हिप-हॉपचा जन्म तिथे झाला असं मानतात. तबकड्या वाजवणारा होता डीजे कूल हर्क. त्याचं नाव सर्वांना माहीत असतं. पण ती पार्टी ठरवली कुणी? त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू होणार होती, नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते, म्हणून तिने खोली भाड्याने घेतली, हाताने लिहून आमंत्रणाची कार्डं वाटली. प्रवेश किती? मुलींना 25 सेंट आणि मुलांना 50. म्हणजे बघा, या कलेच्या पहिल्या दाराशी एक मुलगी उभी होती आणि मुलींना आत येणं सोपं जावं असा दर तिने लावला होता. इतिहास लिहिताना भाऊ संस्थापक झाला आणि बहीण ‘मदतीला’ राहिली. हे आपल्याकडे नवीन नाही. कोणत्याही संस्थेची स्मरणिका उघडून पाहा.

आणि बायका नुसत्या दाराशी होत्या असंही नाही. शा-रॉक नावाची मुलगी ‘फंकी फोर प्लस वन’ या चमूत माईकवर होती. तो ‘वन’ म्हणजे तीच. फेब्रुवारी 1981 मध्ये हा चमू ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या कार्यक्रमात झळकला, अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर हिप-हॉपचा चमू दिसण्याची ती पहिली वेळ मानली जाते. 1979 मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी काढून ही कला बाजारात नेली तीही सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईने. तेव्हा ‘ही पुरुषांची कला, बायका नंतर आल्या’ हे म्हणणंच मुळात चुकीचं आहे. बायका होत्या. बाजार मोठा झाला, पैसा आला, तशा त्या कडेला गेल्या. आपल्याला विचारायचं आहे ते हे, की त्या परत मधोमध यायच्या तर जागा कशी लागते?

इथे तत्त्वज्ञानाचा थोडा आधार घेऊ, घाबरू नका. हॅना आरेंट या विदुषीने 1958 मध्ये आलेल्या ‘द ह्यूमन कंडिशन’ या ग्रंथात एक कल्पना मांडली. माणसं एकत्र येऊन बोलतात, कृती करतात, तेव्हा त्यांच्यामध्ये एक अवकाश तयार होतो. त्यात माणूस इतरांना ‘दिसतो’. नुसता डोळ्यांना नव्हे; तो कोण आहे हे दिसतं. माणसं पांगली की हा अवकाशही विरतो. म्हणजे तो भिंतींनी बनत नाही, पुन्हापुन्हा जमण्याने बनतो. आम्ही हे वर्गात कित्येक वर्षं शिकवलं. पण त्या अवकाशाला संध्याकाळची वेळ असते, दिवे असतात, यादी धरून बसलेलं कुणीतरी असतं, याचा विचार आम्ही कधी केला नाही.

आता लॉस एंजेलिसला जाऊ, कारण आमच्या मते खरा धडा तिथे आहे. शहराच्या दक्षिणेकडे क्रेनशॉ हा कृष्णवर्णीयांच्या वस्तीचा भाग. तिथे ‘गुड लाइफ’ नावाचं आरोग्यदायी खाद्यपदार्थांचं दुकान होतं, त्यातच छोटं कॅफे. 1989 च्या डिसेंबरपासून तिथे दर गुरुवारी रात्री खुला मंच सुरू झाला. चालवणारी बी. हॉल नावाची बाई आणि तिचा मुलगा. नाव नोंदवायचं, पाळी आली की चढायचं. एक नियम मात्र कडक: शिवी चालणार नाही. आणि सादरीकरण रटाळ झालं, तर सगळे श्रोते मिळून एका सुरात सांगायचे की बाबा, माईक पुढच्याला दे. मोठ्या नावाचा असो की नवखा, सुटका नाही. लक्षात घ्या, हा तो काळ आहे जेव्हा याच शहरातला ‘गँगस्टा रॅप’ जगभर गाजत होता. त्याच शहरात, एका दुकानात, शिवीविना रॅप चालला होता आणि ऐकायला गर्दी होत होती. ‘फ्रीस्टाइल फेलोशिप’, ‘जुरासिक फाइव्ह’ यांच्यासारखे चमू तिथे घडले.

आम्हाला हा नियम आधी खटकला. अभिव्यक्तीवर बंधन ते बंधनच. आमचा पिंड उदारमतवादी, काय करणार! पण विचार करत गेलो तसं वेगळं दिसू लागलं. शब्दांच्या कुस्तीत सर्वांत स्वस्त हत्यार कोणतं? समोरच्याच्या आईबहिणीचा उद्धार. मराठीत सांगायला नको. समोर बाईच असेल तर तेवढंच पुरतं, यमकही जुळवावं लागत नाही. ते हत्यार दाराबाहेर ठेवायला लावलं की आत उरते ती भाषा, लय, कल्पना. हा नियम बायकांसाठी केला होता असा आमचा दावा नाही. जागा घरच्यासारखी राहावी, पोरंबाळं यावीत, एवढाच त्यामागचा साधा हेतू दिसतो. पण त्याने मैदान थोडं सपाट झालं, असं आम्हाला वाटतं. मेड्यूसा नावाची कवयित्री-गायिका याच वर्तुळात नावारूपाला आली. ती समोर असली की भलेभले पुरुष जपून बोलायचे असं सांगतात. ‘फिगर्स ऑफ स्पीच’ नावाची दोन मुलींची जोडी तिथे रॅप करायची. त्यातली एक आव्हा डुव्हर्ने, जी पुढे ‘सेल्मा’ची दिग्दर्शिका म्हणून जगाला माहीत झाली. 2008 साली तिने या गुरुवारांवर ‘धिस इज द लाइफ’ हा माहितीपट केला. म्हणजे त्या खोलीचा इतिहास लिहायला त्या खोलीतलीच मुलगी उरली. सिंडी कॅम्पबेलच्या वेळी असं कुणी नव्हतं.

1994 मध्ये याच मंडळींतल्या काहींनी जवळच्या लाइमर्ट पार्कमध्ये ‘प्रोजेक्ट ब्लोड’ सुरू केलं. जागा दिली बेन कॉल्डवेल या चित्रपटकाराने, त्याच्या ‘केऑस नेटवर्क’ या कलाकेंद्रात. वार पुन्हा गुरुवारच. मार्सिलिएना मॉर्गन या भाषा-मानवशास्त्रज्ञ विदुषीने या मंचाचा अभ्यास करून 2009 मध्ये पुस्तक लिहिलं. गर्दी तिथेही प्रामुख्याने तरुण पुरुषांचीच असे. तेव्हा ‘शिवी बंद केली, प्रश्न मिटला’ असं समजू नका. नियम दार उघडतो, पण उंबरा ओलांडायला घरातून निघता यावं लागतं.

इथे आमची एक चूक सांगतो. आम्ही ज्या महाविद्यालयात होतो तिथे काव्यवाचनाचं मंडळ आमच्याकडे होतं. दर शुक्रवारी, संध्याकाळी साडेसहाला. मुली येत नसत. वर्षामागून वर्षं आम्ही अहवालात लिहिलं, ‘विद्यार्थिनींचा प्रतिसाद अल्प’. निवृत्तीनंतर एक जुनी विद्यार्थिनी भेटली, आता तिचीच मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, “सर, शेवटची एसटी पावणेसातची होती. आम्ही कविता वहीत लिहून स्टँडवर एकमेकींना वाचून दाखवायचो.” मंडळी, कविता होत्या. श्रोते होते. जागा स्टँडची होती आणि अहवाल आमच्या हातात होता.

‘मुलींचं वेगळं कशाला’ या आक्षेपाकडे याच वाटेने येऊ. माईक पुढच्याला दे, असं सगळ्या सभेने म्हणणं ही समान कसोटी आहे, आम्हाला ती आवडते. पण तिच्यात एक मेख आहे. वीस मुलांमध्ये एक मुलगा पडला, तर तो पडला. वीस मुलांमध्ये एकच मुलगी असली आणि ती पडली, तर ‘मुलींना जमत नाही’ असं ठरतं. ती एकटीपुरतं पडूच शकत नाही. आणि जिला पडता येत नाही तिला शिकता कसं येणार? सर्व कला वाईट करत करतच चांगली होते. आमची व्याख्यानंही सुरुवातीला मुलं झोपण्यासाठी वापरत. बायकांच्या वेगळ्या मंचाचं खरं काम आम्हाला हे दिसतं: चारचौघींत साधारण असण्याची मुभा. मिनियापोलिस शहरात ‘इंटरमीडिया आर्ट्स’ या कलासंस्थेने 2005 मध्ये ‘बी-गर्ल बी’ हा हिप-हॉपमधल्या बायकांचा मेळावा भरवला तो याच जातीचा. गाणं, नाच, तबकड्या, भिंतीवरची चित्रं ही चारही अंगं बायकांच्या हाती. एकट्या मुलीवर सगळ्या जातीचं ओझं नाही.

बरं, पण मुलींचा मंच म्हटलं की दाराशी प्रश्न येतो, मुलगी कोण? आमच्या अर्जातला तो रिकामा रकाना. याचं उत्तर आम्हाला न्यू ऑर्लिन्समध्ये वेगळ्याच तऱ्हेने सापडलं. तिथे हिप-हॉपचा ‘बाउन्स’ नावाचा स्थानिक प्रकार आहे. गाणारा हाक देतो, नाचणारी गर्दी ओ देते. मेल्पोमीन नावाच्या सरकारी वसाहतीतली केटी रेड ही ट्रान्स स्त्री. 1998 मध्ये तिने आपल्याच वसाहतीतल्या रस्त्यावरच्या जलशात माईक घेतला, पुढच्याच वर्षी तिची ध्वनिमुद्रिकाही निघाली, नावात त्या वसाहतीचंच नाव. तिच्या मागे साथीला असलेली बिग फ्रीडिया पुढे देशभर गाजली. आता हे कुणा समितीने ‘समावेशक धोरण’ करून घडवलं नाही. शेजारपाजारच्या लोकांनी तिला लहानपणापासून पाहिलं होतं, आणि गाणं नाचायला भाग पाडणारं होतं. त्रास झाला नसेल असं नाही. पण ‘तू कोण’ हा प्रश्न दाराशी विचारला गेला नाही, कारण रस्त्याला दार नसतं.

मराठीत ही गोष्ट अधिकच अवघड आहे, आणि गंमतीची. इंग्रजीत ‘मी’ म्हटलं की बोलणारा बाई की पुरुष ते कळत नाही. मराठीत क्रियापद चुगली करतं. मी गातो, मी गाते. रॅपमध्ये तर क्रियापद ओळीच्या शेवटी, यमकाच्या जागी. म्हणजे ज्याला किंवा जिला दोन्हीतलं काही नको आहे, त्या माणसाला दर ओळीला कबुलीजबाब द्यावा लागतो. पण भाषेनेच पळवाटा ठेवल्या आहेत. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी जातो’ म्हणतात, त्याने कुणाचं काही अडत नाही. आणि ‘आम्ही’ पाहा. आम्ही गातो, आम्ही आलो. बाई असो, पुरुष असो, कुणीही असो, रूप एकच. लोक आम्हाला चिडवतात की हे प्रोफेसर स्वतःला ‘आम्ही’ का म्हणतात. जुन्या मास्तरकीची खोड आहे, दुसरं काही नाही. पण त्या शब्दात एवढी जागा आहे हे आम्हाला पंचाहत्तरीला टेकताना कळलं.

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण सगळ्यांच्या मनात आलं असेल. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या गटाने गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पण पहाटेच्या त्या जागेत बाई मोकळी बोलू शके, ती पुरुष झोपलेले असत म्हणून. मंचाचं तसं नाही. तिथे समोरच्याने जागं राहून ऐकायचं असतं. आज मुंबईत ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा फक्त बायकांचा हिप-हॉप चमू आहे, त्यात रॅप करणाऱ्या, नाचणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या सगळ्या आहेत. महादेव कोळी समाजातली माही जी जंगल आणि जमिनीवर रॅप करते. धारावीत मुलामुलींना हिप-हॉप फुकट शिकवणारी शाळा चालते. यांतलं सगळंच आम्हाला आवडतं असं म्हणणार नाही. काही गाणी आमच्या कानाला नुसता गलका वाटतात. पण आम्हाला आवडावं म्हणून ती रचलेलीच नाहीत.

असो. तो अर्ज अजून समितीपुढे आहे. पुढच्या बैठकीत आम्ही एवढंच मांडणार आहोत: खोली द्यावी, वार गुरुवारच ठेवावा आणि तो मध्येच लग्नाच्या बोलणीसाठी कुणाला देऊ नये. नियम त्यांचे त्यांनी ठरवावेत, शिवीचासुद्धा. नावांची वही त्यांच्याकडे राहील, आणि चावीही. रिकामा रकाना रिकामाच राहू द्यावा. वेळ त्यांनी पाच ते सात मागितली आहे. आम्ही एसटीचं वेळापत्रक पाहून आलो; आता शेवटची गाडी साडेसातला आहे.