गांधीलमाशीचे सोंग घेणाऱ्या माश्या

वाघाचे कातडे पांघरून लोकांच्या शेतात निर्धास्तपणे चरणाऱ्या गाढवाची कथा पंचतंत्रात आहे. ते ओरडले आणि त्याचे सोंग उघडे पडले. कीटकसृष्टीत मात्र अशा प्रकारचे सोंग लक्षावधी वर्षे यशस्वीपणे चालत आले आहे. सिर्फिडी कुलातील माश्या हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

फुलांवर हवेत एकाच जागी स्थिर राहणाऱ्या या माश्यांच्या सुमारे ६००० जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी पुष्कळांच्या उदरावर गांधीलमाशीसारखे पिवळे व काळे पट्टे असतात. तथापि बारकाईने पाहिल्यास भेद कळतो. गांधीलमाशीस पंखांच्या दोन जोड्या असतात. माशीस एकच, आणि मागील जोडीच्या जागी तोल सांभाळणारे दोन लहान अवयव असतात. गांधीलमाशीच्या शृंगिका लांब, तर माशीच्या बहुधा अगदी आखूड असतात. माशीस नांगी तर नसतेच.

निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे रूप धारण करण्याच्या या प्रकाराची उपपत्ती हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांच्या अभ्यासावरून १८६२ साली मांडली. गांधीलमाशीचा दंश एकदा अनुभवलेला पक्षी पुढे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांपासून दूर राहतो. ज्या माशीचे त्या रूपाशी थोडेही साम्य असेल ती बचावते, तिची प्रजा वाढते आणि पिढ्यान्‌पिढ्या ते साम्य दृढ होत जाते. यात माशीची बुद्धी वा इच्छा यांचा संबंध नाही. निवड करतो तो भक्षक.

काही जातींत हे साम्य थक्क करणारे असते. उत्तर अमेरिकेतील स्पायलोमाया लाँगिकॉर्निस ही माशी आपले काळसर पुढचे पाय डोक्यापुढे धरून हालविते, त्यामुळे लांब शृंगिकांचा भास होतो. तिच्या पंखांची पुढील कडा गडद असल्यामुळे ते गांधीलमाशीच्या घडी घातलेल्या पंखांसारखे दिसतात.

परंतु येथेच एक कूट प्रश्न उद्भवतो. निवडीचे कार्य अखंड चालू असेल, तर सर्वच माश्यांची नक्कल इतकी हुबेहूब का नाही? अनेक जातींचे सोंग माणसाच्या डोळ्यांसही फसवीत नाही.

माणसाची दृष्टी ही पक्ष्याची दृष्टी नव्हे, असे एक उत्तर देण्यात आले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कबुतरांना गांधीलमाश्या व साध्या माश्या यांची चित्रे ओळखण्यास शिकवून नंतर सिर्फिड माश्यांची चित्रे दाखविण्यात आली. माणसास सामान्य वाटणाऱ्या काही नकला कबुतरांनी गांधीलमाशीशी बऱ्याच मिळत्याजुळत्या ठरविल्या. तथापि २०१२ साली कॅनडातील संशोधकांनी ३८ जातींची तुलना केली, तेव्हा माणसांनी ठरविलेले साम्य व प्रत्यक्ष मोजमापांनी ठरलेले साम्य यांत मेळ आढळला. अर्थात दृष्टिभेदाने सर्व उलगडा होत नाही. त्याच अभ्यासात मोठ्या आकाराच्या माश्यांची नक्कल अधिक चांगली असल्याचे दिसून आले. याचा अर्थ असा लावला जातो की, लहान माशी खाऊन पक्ष्यास लाभ थोडा. त्यासाठी दंशाचा धोका पत्करणे त्याला परवडत नाही. म्हणून तिला ओबडधोबड सोंगही पुरते. मोठी माशी हा मोलाचा घास असल्याने पक्षी नीट पारखून पाहतो आणि तिचे सोंगही तितकेच काटेकोर व्हावे लागते.

नैसर्गिक निवड पूर्णत्वाच्या मागे लागत नाही. जीव वाचविण्यास जेवढे पुरेसे तेवढ्यावर तिचा भर असतो, हा बोध यातून मिळतो.

महाराष्ट्रातील वाचकास या माश्या दूरच्या नाहीत. करडईच्या पिकावर मावा पडला की त्यांच्या पाय नसलेल्या अळ्या त्या किडीच्या वसाहतींत शिरून मावा फस्त करताना दिसतात. पट्टे पाहून प्रौढ माशीस गांधीलमाशी समजणारा, किंवा अळीस पिकाची शत्रू समजून चिरडणारा शेतकरी आपल्याच साहाय्यकाचा नाश करीत असतो. पक्ष्यास फसविण्यासाठी घडलेले सोंग माणसासही फसविते. त्यामागील खरे रूप ओळखण्यात त्याचे हित आहे.