रीडिंग जुळलं पाहिजे

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलला तासभर झाला की टेबलाटेबलांवरून एकच प्रश्न फिरू लागतो : ‘तुझं किती आलं?’ कुणी ९.८ सांगतो, कुणी ९.९. ज्याचे १०.४ आलेले असते तो काहीच बोलत नाही. इकडेतिकडे बघत जर्नलात ‘सी.बी.आर.’ म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंगच्या चौकटीत तो ९.८ लिहितो आणि वरच्या तीन रकान्यांत त्याला साजेसे आकडे भरून मोकळा होतो. जरा धीट असला तर लॅबमधल्या मामांकडे जाऊन खात्री करून घेतो. द्रावण मामांनीच सकाळी बनवलेले असते, तेव्हा उत्तर त्यांना ठाऊक असणारच.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ब्युरेटवरची सर्वांत बारीक रेघ ०.१ मिलिलिटरची असते, एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा. म्हणजे नीट काम करणाऱ्याची तीन रीडिंग तंतोतंत सारखी येणे मुळीच संशयास्पद नाही. अडचण वेगळी आहे. तिसरे टायट्रेशन केलेलेच नसते तेव्हाही तिसरा आकडा सारखाच असतो, आणि कोणता आकडा ब्युरेटमधून आला व कोणता शेजारच्या टेबलावरून, हे जर्नल तपासणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. परीक्षेतले गुण अपेक्षित आकड्याच्या जवळ जाण्याचे असतात. १०.४ चे कारण सांगणाऱ्याला त्यात वेगळा गुण नसतो. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये शिकण्यासारखे जे काही असते, त्यातले बरेचसे या १०.४ मध्ये असते.

नेहमीचाच प्रयोग घेऊ. पोटॅशियम परमँगनेट विरुद्ध ऑक्झॅलिक ॲसिड. १०० मिलिलिटर द्रावणात ०.६३ ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक असले की ते ०.१ नॉर्मल होते. पिपेटने त्यातले १० मिलिलिटर कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचे, विरल सल्फ्युरिक ॲसिड घालायचे, ६०–७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचे आणि ब्युरेटमधून जांभळे परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचे. वेगळा इंडिकेटर लागत नाही. फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड आहे तोवर जांभळा रंग नाहीसा होत राहतो. ते संपले की पुढच्या थेंबाने फिकट गुलाबी छटा येते आणि ती अर्धा मिनिट टिकली की तोटी बंद करायची. मग नॉर्मॅलिटी आणि आकारमान यांचा दोन्ही बाजूंचा गुणाकार सारखा मांडून परमँगनेटचे प्रमाण काढायचे. अर्ध्या पानात प्रयोग संपतो.

पण या अर्ध्या पानात प्रश्न दडवून ठेवले आहेत. परमँगनेट सरळ तोलूनच का घेत नाहीत? कारण त्यात मँगनीज डायऑक्साइडचा अंश असतो, पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांशी त्याची क्रिया होते आणि उजेडात ठेवले तर द्रावण हळूहळू बिघडते. तोललेल्या वजनावर विसंबता येत नाही, म्हणून तर ते तपकिरी बाटलीत ठेवतात आणि वापरण्यापूर्वी ऑक्झॅलिक ॲसिडने पारखून घेतात. ही गोष्ट कळली तर प्रयोगाला हेतू मिळतो. कळली नाही तर मामांनी बनवलेल्या एका द्रावणाचे प्रमाण मामांनीच बनवलेल्या दुसऱ्या द्रावणाने शोधण्याचा तो एक विधी उरतो.

त्याहून गमतीचा आहे पहिला थेंब. गरम फ्लास्कमध्ये तो पडतो आणि रंग जायला वेळ घेतो. फ्लास्क हलवत राहिले तरी गुलाबीपणा रेंगाळतो. दुसरा थोडा लवकर जातो. पाच-सहा थेंबांनंतर मात्र रंग पडल्या-पडल्या गडप होऊ लागतो. निम्म्या मुलांना हे दिसते, पण विचारायचे कुणाला आणि कशाला, म्हणून ती पुढे जातात. क्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढच्या क्रियेचा वेग वाढवतात. सुरुवातीला ते नसतात म्हणून क्रिया रखडते. दोन फ्लास्क शेजारी ठेवावेत, एकात चिमूटभर मँगनीज सल्फेट टाकावे आणि दोन्हींत एकेक थेंब सोडावा. एकातला रंग चटकन जातो, दुसऱ्यातला तसाच राहतो. उत्प्रेरक म्हणजे काय यावरचे अख्खे व्याख्यान तिथे डोळ्यांपुढे घडते. ज्या मुलाने घाईने पहिल्याच झटक्यात दोन मिलिलिटर सोडले, त्याचा फ्लास्क तपकिरी गढूळ होतो. तो बेसिनमध्ये ओतून टाकतो. खरे तर त्याच्याजवळ सगळ्या बॅचमधला सर्वांत बोलका फ्लास्क असतो.

आता १०.४ कडे वळू. टायट्रेशनमधल्या चुकीला दिशा असते. कॉनिकल फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरऐवजी ऑक्झॅलिक ॲसिडनेच खळबळून घेतला, तर आत चार थेंब जादा राहतात आणि रीडिंग वाढते. ब्युरेट मात्र परमँगनेटनेच खळबळायची असते. तसे केले नाही तर काचेला चिकटलेले पाणी द्रावण पातळ करते आणि रीडिंग पुन्हा वाढते. ब्युरेटच्या चोचीत हवेचा बुडबुडा राहिला आणि टायट्रेशन चालू असताना निघून गेला, तर तेवढे द्रावण फ्लास्कमध्ये न जाताच मोजले जाते. इथेही वाढच, पण फक्त पहिल्या रीडिंगला. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडले तर परमँगनेट पाच इलेक्ट्रॉन घेण्याऐवजी तीनच घेऊन मँगनीज डायऑक्साइडवर थांबते, म्हणजे तेवढ्याच ऑक्झॅलिक ॲसिडला जास्त परमँगनेट लागते. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड घातले तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होऊ शकते. उलट, फ्लास्क उकळेपर्यंत तापवत ठेवला तर थोडे ऑक्झॅलिक ॲसिडच विघटन पावते आणि रीडिंग घटते.

मेनिस्कसचेही असेच. परमँगनेट इतके गडद की पातळीचा खालचा बाक दिसतच नाही, वरची कड वाचावी लागते. ‘सर, मग चूक नाही का होणार?’ असे एखादी मुलगी विचारते तेव्हा तिला शाबासकी द्यायला हवी. सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळा वरचीच कड वाचली, तर वजाबाकीत फरक निघून जातो. एकदा वरची आणि एकदा खालची वाचली तरच घोटाळा. साधनाची चूक आणि वाचण्याच्या पद्धतीतली चूक यांतला भेद इतक्या स्वस्तात दुसरीकडे कुठे शिकायला मिळत नाही. रीडिंग जुळवून घेतले की ही दिशाच पुसली जाते. मग पाटीवर एकच आकडा राहतो, आणि तो कुणाचाच नसतो.

टायट्रेशनचा जन्म अशा शाळकरी कारणासाठी झाला नव्हता. फ्रान्समधले रूआँ हे कापडाचे गाव. तिथे १७९० च्या दशकात फ्रांस्वा देक्र्वाझी हा रसायनज्ञ ब्लीचिंगच्या द्रावणाचा कस निळीचा रंग किती उडतो यावरून मोजत असे. कस जास्त झाला तर कापड जळणार, कमी झाला तर पांढरे होणार नाही. पुढे पॅरिसच्या टांकसाळीसाठी गे-ल्युसॅकने चांदीची शुद्धता द्रावणाने मोजण्याची पद्धत बसवली. १८४६ मध्ये मार्गरीत याने लोहाचे प्रमाण काढायला परमँगनेट वापरले. प्रत्येक ठिकाणी उत्तर आधी कुणालाच माहीत नव्हते आणि चुकीचे पैसे मोजावे लागत.

याच गे-ल्युसॅकच्या खासगी प्रयोगशाळेत एक जर्मन तरुण काम करून गेला होता, युस्टुस लीबिग. १८२४ मध्ये एकविसाव्या वर्षी तो गीसेनला प्राध्यापक झाला आणि जुन्या बराकीच्या पहारेकऱ्यांच्या इमारतीत त्याने प्रयोगशाळा थाटली. त्याआधी बहुतेक विद्यार्थी बाकावर बसून प्राध्यापकांचे प्रयोग पाहत. गीसेनमध्ये त्यांच्या हातात काच आली : आधी अज्ञात पदार्थ ओळखायचे, मग संयुगे बनवायची, मग स्वतःचा प्रश्न घ्यायचा. केकुले, हॉफमन यांच्यासारखे रसायनज्ञ तिथून निघाले. हॉफमन १८४५ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत गेला. त्याच्या हाताखालच्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने १८५६ मध्ये क्विनीन बनवायला जाऊन जांभळा रंग बनवला. तेही न जुळलेले रीडिंगच म्हणायचे.

अज्ञात पदार्थ ओळखण्याची शिस्त कार्ल फ्रेझेनियसने १८४१ च्या पुस्तकात बांधून दिली. गट पाडत, साका काढत पुढे जाण्याची ती रीत आपल्याकडे ‘सॉल्ट ॲनालिसिस’ म्हणून आली. ज्यांनी किप्स ॲपरेटसमधून येणारा सडक्या अंड्यांचा वास घेत दुसऱ्या गटाचा पिवळा साका पाडला आहे, त्यांना हे सांगायला नको. गट वेगळे का पडतात, तर सल्फाइडांची विद्राव्यता वेगवेगळी असते आणि ॲसिडचे प्रमाण बदलून सल्फाइड आयनांवर लगाम ठेवता येतो. सुंदर युक्ती आहे. परीक्षेत मात्र ‘टेस्ट, ऑब्झर्व्हेशन, इन्फरन्स’ असे तीन रकाने पाठ करून भरता येतात आणि कित्येकदा इन्फरन्स आधी ठरतो, ऑब्झर्व्हेशन मागाहून.

तक्त्याबाहेरचे रसायनशास्त्र आपल्याकडेही झाले आहे. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पाठबळाने १८९० मध्ये कलाभवन सुरू करणारे प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे नाव मुंबईत गाजले ते व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्यामुळे. पुतळ्याला फासलेले डांबर काढण्यात इतरांनी हात टेकल्यावर त्यांनी ते काढून दाखवले.  सच्छिद्र संगमरवराला धक्का न लावता डाग कसा उतरवायचा, हे कुठल्याही जर्नलात उतरून घेता येण्याजोगे नव्हते.

मग मुले विचार न करता तक्ता का भरतात? ग्लासगोचे रसायनशिक्षण-अभ्यासक ॲलेक्स जॉनस्टन यांनी १९८० च्या दशकात याचे दिलेले उत्तर मला आजही सर्वांत पटते. नवख्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर एकाच वेळी लेखी सूचना, तोंडी सूचना, उपकरणांची नावे, हाताची नवी सवय, आठवायची थिअरी आणि समोर घडणारा बदल हे सगळे आदळते. एका वेळी मोजक्याच गोष्टी मनात धरता येतात. मग मूल स्वतःचा बचाव करते आणि एकेक ओळ वाचून एकेक कृती करते. पाककृतीचे पुस्तक उघडे ठेवून स्वयंपाक करणारी व्यक्तीही मीठ चाखून बघते. इथे तेवढीही सवड उरत नाही. जॉनस्टन यांचा भर होता लॅबच्या आधीच्या तयारीवर, म्हणजे कोणती गोष्ट महत्त्वाची आणि कोणता केवळ गोंगाट हे आधीच कळण्यावर. डॅनिएल डोमिन यांनी १९९९ मध्ये लॅबमधल्या शिकवण्याच्या चार तऱ्हा मांडल्या. उत्तर आधीच ठरलेली, सूचनांबरहुकूम चालणारी तऱ्हा त्यांत सर्वांत रूढ. नताशा होम्स आणि नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २०१८ मध्ये लिहिले ते भौतिकशास्त्राबद्दल, पण झोंबणारे होते : थिअरी पक्की व्हावी म्हणून घेतलेल्या लॅबचा थिअरीच्या परीक्षेत मोजता येईल असा फायदा दिसला नाही. निर्णय विद्यार्थ्यांवर सोपवले तेव्हा मात्र प्रयोगाविषयीचा विचार सुधारला.

वेगळ्या तऱ्हेची प्रात्यक्षिके आपल्याकडेही आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात ऑलिंपियाडची मुले तयार होतात. २००१ ची आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र ऑलिंपियाड मुंबईतच झाली. त्या स्पर्धेत ४० टक्के गुण प्रात्यक्षिकाला असतात. तिथली साधने फार वेगळी नसतात. ब्युरेट, पिपेट, थेंब तेच. फरक प्रश्नांत असतो.

आपल्या कॉलेजांत वीसजणांच्या बॅचची सगळी कच्ची रीडिंग फळ्यावर लिहायला एक खडू पुरतो. बहुतेक आकडे ९.७ ते ९.९ च्या आसपास, दोन-तीन १०.३ च्या पुढे, एखादा ९.२. मग विचारायचे : वर गेलेल्यांनी फ्लास्क कशाने धुतला होता? खाली गेलेल्याचा फ्लास्क किती वेळ बर्नरवर होता? एका दुपारी एवढ्या सगळ्या चुका एक विद्यार्थी स्वतः करू शकत नाही, पण त्या सगळ्या पाहू शकतो. अट एवढीच की त्या फळ्यावर खरे आकडे यायला हवेत, आणि ते यायचे तर ९.८ चे गुण कमी करून १०.४ च्या कारणाला गुण द्यावे लागतील.

यातली खरी अडचण वेळेची आहे. श्रेयांक पद्धतीत प्रात्यक्षिकाचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. परीक्षेत एक्स्टर्नलना रीडिंग अपेक्षित आकड्याशी ताडायला दहा सेकंद लागतात, तर ते का चुकले हे ऐकून घ्यायला पाच मिनिटे. वीस विद्यार्थ्यांची शंभर मिनिटे झाली. ती हवी असतील तर वर्षभराच्या यादीतून काहीतरी गाळावे लागेल. यादीत चार-चार टायट्रेशन असतात आणि कित्येकदा त्यांत फक्त बाटल्या बदलतात. त्यातली दोन काढावीत आणि उरलेल्यांपैकी एकात ऑक्झॅलिक ॲसिड मुलांनाच तोलू द्यावे. मग रीडिंग काय यायला हवे, हे मामांनाही सांगता येणार नाही.