शेवटचे सव्वाशे किलोमीटर

"सर, एवढ्या मोठ्या प्रवासात सगळ्यात अवघड दिवस कुठला?"

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी मुलांनी मला हा प्रश्न विचारला. त्याआधी मे २०२४ मध्ये मी आणि माझा एक मित्र कोल्हापूरहून मोटरसायकलवर कन्याकुमारीला जाऊन आलो होतो. बारा दिवस आणि अडीच हजारांहून जास्त किलोमीटर! मुलांना वाटलं, मी एखाद्या घनदाट जंगलाचं नाव घेईन. मी म्हटलं, "सगळ्यात अवघड गेला तो शेवटून दुसरा दिवस."

"पण सर, तेव्हा तर घर जवळ आलेलं असतं की!"

तेच तर सांगायचं आहे, दोस्तांनो!

निघताना आम्ही तीन नियम ठरवले होते. दर साठ-सत्तर किलोमीटरला चालवणारा बदलायचा. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा. आणि दोघांपैकी एक जण जरी 'थांबू' म्हणाला, तरी दुसऱ्यानं वाद न घालता थांबायचं. बेंगळुरू, मदुराई करत आम्ही कन्याकुमारीला पोचलो. तिथं समुद्रातल्या खडकावर विवेकानंदांचं स्मारक आहे. १९७० साली ते पुरं झालं, आणि त्यासाठी रात्रंदिवस झटले ते एकनाथ रानडे, आपले मराठीच! येताना आम्ही केरळ आणि कर्नाटकचा किनारा धरला. दहा दिवस तिन्ही नियम अगदी काटेकोर पाळले.

दहाव्या दिवशी मरवंते लागलं. काय गंमत आहे बघा! एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आणि मधून आपला रस्ता. संध्याकाळी कारवारला मुक्काम केला. रवींद्रनाथ टागोर तरुणपणी इथं राहिले होते. इथल्या किनाऱ्याला त्यांचंच नाव दिलं आहे. त्या वाळूत बसून मित्रानं मला एक गोष्ट सांगितली. १९२३ साली मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. इराण, इजिप्त, युरोप, अमेरिका, जपान, चीन... तेही तेव्हाच्या सायकली आणि तेव्हाचे रस्ते! सहापैकी तिघांनी हा प्रवास पुरा केला. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. १९२८ च्या मार्चमध्ये ते मुंबईला परतले. म्हणजे जवळजवळ साडेचार वर्षं घराबाहेर!

"आणि आपण दहा दिवसांत दमलो," मी म्हटलं. दोघंही हसलो.

अकराव्या दिवशी मात्र सगळं बिनसलं. कारवारहून कोल्हापूर तीनशे किलोमीटरच्या आसपास. मी सकाळीच जाहीर केलं, "आज रात्री घरी जेवायचं!" पण उठायला उशीर झाला, निघायला दहा वाजले. मडगावच्या पुढे मागच्या चाकात खिळा घुसला. भर उन्हात दोन किलोमीटर गाडी ढकलली. पंक्चरचं दुकान सापडलं, तर ते बंद! गोव्यात दुपारी जेवणानंतर बरीच दुकानं बंद असतात. साडेतीनला दुकान उघडलं. सावंतवाडीला पोचलो तेव्हा संध्याकाळचे साडेसहा झाले होते.

मोती तलावाच्या काठावर चहा घेताना मित्र म्हणाला, "गड्या, आज इथंच थांबू."

"थांबू कशाला? दीडशे किलोमीटर तर राहिलंय. चार तासांत घर!"

"अंधार पडणार, पुढं घाट आहे. आणि आपलं ठरलंय काय?"

"तू भित्रा आहेस," मी म्हणालो. हो, असंच म्हणालो. वर हेही म्हणालो, की तुला भीती वाटत असेल तर सगळी गाडी मीच चालवतो. एका दमात तिन्ही नियम मोडले! तो काही बोलला नाही. हेल्मेट चढवून मागे बसला.

आंबोलीचा घाट सुरू झाला तेव्हा अंधारून आलं होतं. नुकताच वळीव पडून गेला होता. रस्ता ओला आणि वर धुकं. गार वारा लागला आणि मला फार बरं वाटलं. डोळ्यांसमोर घराचं दार आलं, तव्यावरची भाकरी आली...

आणि पाठीत जोरात गुद्दा बसला. "अरे, वळण! ब्रेक मार!"

गाडी थांबली तेव्हा पुढचं चाक कठड्यापासून हातभर अंतरावर होतं. पलीकडे नुसतं धुकं. माझी पापणी मिटली होती.

मित्रांनो, जरा गणित करू या. गाडी ताशी ३० किलोमीटर वेगानं चालली असेल, तर एका सेकंदात ती आठ मीटरहून जास्त पुढे जाते. दोन सेकंदांची डुलकी लागली, तर सुमारे १७ मीटर! कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. म्हणजे अख्ख्या मैदानापेक्षा जास्त अंतर गाडी आंधळी धावते. अशी डुलकी लागलेली माणसाला कळतसुद्धा नाही. मलाही कळली नव्हती.

पुढे मित्रानं गाडी हातात घेतली. हळूहळू आंबोलीत पोचलो, एक खोली मिळाली. जेवताना दोघंही गप्प. शेवटी तोच म्हणाला, "ती माणसं साडेचार वर्षं घराबाहेर राहिली, आणि तुला एक रात्र दम निघंना व्हय रे?"

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "चुकलं माझं," मी म्हणालो. भित्रा म्हटल्याबद्दल माफीही मागितली.

सकाळी हिरण्यकेशीचा उगम पाहायला गेलो. गुहेतून झुळझुळ पाणी येतं आणि कुंडात साठतं. या पाण्यात एक छोटासा मासा राहतो. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी ती नवी जात असल्याचं दाखवून दिलं आणि नदीवरूनच तिला नाव दिलं. २०२१ मध्ये ही जागा सरकारनं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. समुद्र इथून जवळ, पश्चिमेला. पण हिरण्यकेशी जाते पूर्वेला! आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळते. घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. आपली पंचगंगाही नरसोबाच्या वाडीला कृष्णेलाच मिळते. एवढा लांबचा पल्ला, पण कुठं घाई नाही!

शेवटचे सव्वाशे किलोमीटर आम्ही आरामात केले. आजऱ्यात नाश्ता, निपाणीत चहा. निपाणी म्हणजे कर्नाटक. कागलला पुन्हा महाराष्ट्र लागला. थांबलो की चालवणारा बदलायचा. दुपारी एक वाजता दारात!

आईनं भाकरतुकडा आणि पाणी आणलं, माझ्यावरून ओवाळून टाकलं. "नीट आलासा न्हवं?" तिनं विचारलं. मित्र म्हणाला, "एकदम नीट, काकू." घाटातलं अवाक्षरही त्यानं काढलं नाही. मग मीच सगळं सांगितलं. आई क्षणभर गप्प राहिली. आत गेली, दुसरा भाकरतुकडा घेऊन आली आणि त्याच्यावरून ओवाळला.

तर दोस्तांनो, घर जवळ आलं की मन आधीच घरी पोचतं आणि शरीर रस्त्यावरच राहतं. शेवटचं गणित सोडवताना, पोहताना काठ जवळ आल्यावर आपलं असंच होतं ना? मोटरसायकल तुम्ही अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, परवाना काढून आणि हेल्मेट घालूनच चालवा. आईबाबांनीही त्याआधी किल्ली हातात देऊ नये. पण 'थांबू' म्हणणारा मित्र मात्र आत्तापासूनच जोडा. आणि तो 'थांबू' म्हणाला, की खरंच थांबा!