नौका उलटली, तरी तिचा आधार सोडू नये

शिडाची डिंगी हलकी असते. वाऱ्याच्या एका झोताने ती उलटू शकते. म्हणूनच नवशिक्यांना ती सरळ करण्याचे शिक्षण आरंभीच देतात. उतारवयात मात्र हृदयाची काळजी अधिक घ्यावी लागते.

पाणी १५ अंश सेल्सिअसहून थंड असेल, तर पडताक्षणी श्वास अनावर होतो व रक्तदाब एकाएकी वाढतो. अशा वेळी धडपडू नये. लाइफ जॅकेटच्या आधाराने तरंगत राहावे; दीड-दोन मिनिटांत श्वास आवरतो. मग नौकेच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर भार देऊन ती सरळ करावी. ते न जमल्यास तिला धरून राहावे. किनारा जवळ भासला, तरी पोहत निघू नये. शोधणाऱ्यांना माणसाच्या डोक्यापेक्षा नौका लवकर दिसते.

किनाऱ्यावर शुश्रूषा करणाऱ्यांची कसोटी लागते. रुग्णाला आडवे निजवावे, ओली वस्त्रे उतरवून डोके व धड कोरड्या घोंगडीने झाकावे. हातपाय चोळू नयेत. मद्य देऊ नये. थरथर थांबली, पण बोलणे अडखळू लागले, तर ती सुधारणा नव्हे. तत्काळ रुग्णालय गाठावे. नाकातोंडात पाणी गेल्यानंतर खोकला वा धाप लागली, तरी विलंब नको.