मालक केशवराव

कोल्हापुरात वाढलेल्या माझ्या पिढीला केशवराव भोसले हे आधी एका इमारतीचं नाव म्हणून कळलं, माणसाचं नाव म्हणून फार नंतर. ‘केशवरावला नाटक लागलंय’ असं घरात कुणी म्हटलं की लवकर जेवणं उरकायची आणि खासबागेच्या दिशेनं चालू पडायचं, एवढंच ठाऊक होतं. ज्याच्या नावानं हे नाट्यगृह आहे तो कोण, असं मी पहिल्यांदा वडिलांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मोठा गवई नट. एकतिसाव्या वर्षी गेला.” मला वाटतं, अजूनही बहुतेकांना एवढंच सांगता येईल. फार तर ‘संगीतसूर्य’ ही पदवी आणि बालगंधर्वांबरोबरचं संयुक्त ‘मानापमान’.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. 1890 साली ते याच कोल्हापुरात जन्मले. शाहू महाराजांनी 1913 मध्ये बांधायला घेतलेलं आणि 1915 मध्ये पुरं झालेलं पॅलेस थिएटर, 1957 मध्ये ज्याला केशवरावांचं नाव दिलं गेलं, त्याचं छप्पर आणि रंगमंच एका रात्रीत गेले. त्यानंतरचे कित्येक दिवस गावातली माणसं सुतकात असल्यासारखी बोलत होती. प्रत्येकाला आपापली नाटकं आठवत होती. मला मात्र एकच शब्द पुन्हा पुन्हा आठवत होता, आणि तो गेली अनेक वर्षं माझ्या मागे लागलेला आहे: मालक.

नाटक मंडळ्यांच्या जगात या शब्दाला फार वजन होतं. आजचा निर्माता एका नाटकापुरता पैसा उभा करतो, नाट्यगृहाच्या तारखा मिळवतो, प्रयोग संपला की कलावंत आपापल्या घरी जातात. मंडळीच्या मालकाला तशी सुटका नव्हती. मंडळी हेच एक फिरतं घर. गावात उतरलं की बिऱ्हाडासाठी वाडा बघायचा, आचारी लावायचा, पाचपन्नास माणसांच्या पंगतीची रोजची सोय करायची. पडदे, कपडेपट, दागिन्यांच्या पेट्या, साजिंद्यांची वाद्यं हे सगळं रेल्वेनं पुढच्या मुक्कामाला पोचवायचं. पाऊस लागला, गावात साथ आली, मुख्य नटाचा गळा बसला, तरी पगार आणि जेवण चुकत नाही. उत्पन्न काय ते तिकीटविक्रीचं, नाहीतर एखाद्या कंत्राटदारानं ठोक रकमेला घेतलेल्या प्रयोगांचं. अशा कारभारात चांगली चांगली माणसं बुडाली.

केशवरावांनी हा कारभार हौसेनं उचलला नव्हता. घरच्या गरिबीमुळे चार-पाच वर्षांचं वय असताना ते जनूभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. दहा-बारा वर्षांचं वय होतं न होतं तोच देवलांच्या ‘शारदे’त त्यांनी शारदेची भूमिका केली आणि त्या एका मुलाच्या गळ्यावर मंडळीचं नाव सर्वतोमुखी झालं. तिकिटं खपत होती ती या पोराच्या नावावर, व्यवहार मात्र मोठ्यांच्या हातात. पुढे केशवराव तिथून बाहेर पडले आणि 1908 साली हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी उभी केली. तेव्हा त्यांचं वय सतरा-अठरा. कर्नाटकातलं हुबळी हे मराठी मंडळ्यांचं हक्काचं ठाणं होतं, त्यामुळे गाव निवडलं यात नवल नाही. नवल आहे ते वयाचं.

सुरुवातीची वर्षं ‘सौभद्र’, ‘शारदा’, ‘मृच्छकटिक’ अशा ठरलेल्या नाटकांची. ती सगळ्याच मंडळ्या करत होत्या, म्हणून तिथे थांबण्याचं कारण नाही. मला थांबायचंय ते 1912 सालाशी.

त्या साली ललितकलादर्शनं ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणलं. नाटककार हिराबाई पेडणेकर. मूळच्या सावंतवाडीकडच्या, मुंबईत गिरगावात राहणाऱ्या. जन्म नायकिणीच्या घरातला, म्हणजे गाणं वारशानंच आलेलं. भास्करबुवा बखल्यांकडे त्या गाणं शिकल्या. पण त्यांना ओढ होती लिहिण्याची. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना त्यांनी गुरू मानलं. गडकरी, मामा वरेरकर अशा लेखकांशी त्यांचा परिचय होता. ‘जयद्रथ विडंबन’ हे त्यांचं पहिलं नाटक 1904 सालचं. ते पुस्तकात राहिलं. ‘दामिनी’ मात्र पडद्यामागून पुढे आलं. स्त्रीनं लिहिलेलं स्वतंत्र नाटक एखाद्या व्यावसायिक मराठी मंडळीनं रंगभूमीवर आणल्याचं हे पहिलं उदाहरण मानलं जातं.

यातला धोका आज आपल्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 1912 साली मराठी संगीत रंगभूमीवर बाईची भूमिका पुरुषच करत. कुलीन घरातल्या बायका नाटकाला येऊ लागल्या याचंच मंडळ्यांना कोण अप्रूप, आणि ती प्रतिष्ठा डागाळेल अशा कुठल्याही गोष्टीला मालक बिचकत. नायकिणीच्या मुलीनं मैफलीत गावं आणि सभ्य गृहस्थांनी ते ऐकावं, इथवर समाजाची हरकत नव्हती. तिनं नाटक लिहावं, जाहिरातीत तिचं नाव छापावं आणि त्याच सभ्य गृहस्थांनी आपल्या कुटुंबासह तिकीट काढून ते पाहावं, हे निराळं होतं. ज्या रंगमंचावर हिराबाईंना स्वतःला पाऊल टाकता आलं नसतं, तिथे त्यांचे शब्द म्हणायला केशवरावांनी आपली माणसं उभी केली. हे काम त्यांच्या गळ्यानं केलेलं नाही. ते त्यांच्यातल्या मालकानं केलं. नुकसान झालं असतं तर ते त्यांच्याच पेटीतून भरायचं होतं आणि मंडळी जेमतेम चार वर्षांची होती.

हिराबाईंचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. नाट्यसृष्टीनं त्यांना फार काळ जवळ केलं नाही. मुंबई सोडून त्या गुहागरजवळच्या पालशेतला जाऊन राहिल्या आणि 1951 साली तिथेच वारल्या. त्यांच्या आयुष्यावर वसंत कानेटकरांनी ‘कस्तुरीमृग’ लिहिलं तेव्हा कुठे पुष्कळांना त्यांचं नाव कळलं. ज्या लेखकांच्या ओळखीपाळखीत त्या वावरल्या त्यांचे पुतळे आणि पुरस्कार झाले. हिराबाईंच्या वाट्याला एक नाटक आलं, तेही एका मराठा समाजातल्या, शाळेचं तोंड धड न पाहिलेल्या बावीस वर्षांच्या पोरानं लावलं म्हणून. मला हे फार लागतं.

‘दामिनी’ हा अपघात नव्हता, हे पुढची नाटकं पाहिली की पटतं. 1913 मध्ये अमरावतीच्या वीर वामनराव जोशींचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आलं. त्यात केशवरावांची मृणालिनी गाजली. मग मामा वरेरकर. टपालखात्यात नोकरी करणारा, कोकणातला हा लेखक नामवंत नाटककारांच्या पंगतीत अजून बसलेला नव्हता. त्यांचं हुंड्यावरचं ‘हाच मुलाचा बाप’ आणि धर्मांतराच्या प्रश्नावरचं ‘संन्याशाचा संसार’ ललितकलादर्शनंच केलं. खाडिलकरांसारखा हुकमी नाटककार हाताशी असलेल्या मंडळीला नवा लेखक शोधायची गरज नव्हती. केशवरावांना ती होती, हे खरं. पण गरज सगळ्यांनाच असते. वाचून पारखणं सगळ्यांना जमत नाही.

दिसण्याकडेही त्यांचं लक्ष होतं. रंगवलेल्या चित्रांच्या दर्शनी पडद्याच्या जागी त्यांनी मखमलीचा पडदा आणला. नाटक सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकाला आपण थाटाच्या ठिकाणी आलो आहोत असं वाटलं पाहिजे, हे ओळखणारा माणूस नुसता गवई नसतो.

संयुक्त ‘मानापमान’वर इतकं लिहून झालंय की मी मालकाच्या बाजूनं तेवढं बघतो. 8 जुलै 1921, मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी प्रयोग. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. रसिकांनी त्या रात्रीची जुगलबंदी म्हणून आठवण ठेवली. कुणाला किती टाळ्या पडल्या याचे हिशेब आजही मांडले जातात. मला तो वाद पोरकट वाटतो. एकाच नाटकावर दोघांचीही मदार, दोघांच्या मंडळ्या एकाच प्रेक्षकावर जगणाऱ्या. गंधर्व मंडळी त्या सुमारास कर्जाखाली दबलेली. अशा दोन मालकांनी आपले चालू हंगाम बाजूला ठेवून, आपापली माणसं एकत्र करून, सोळा हजारांहून जास्त उत्पन्न एका रात्रीत फंडाला दिलं. तेव्हाचे सोळा हजार. सुरांची चढाओढ रंगली असेल तर रंगली असेल, पण खरी मोठी गोष्ट त्या रात्री तिकिटाच्या खिडकीवर घडली.

त्यानंतर अठ्ठ्याऐंशी दिवसांनी, 4 ऑक्टोबर 1921 रोजी, विषमज्वरानं केशवराव गेले.

मालकाबरोबर मंडळी जाते, हा त्या धंद्याचा जवळजवळ नियम होता. नावाजलेला नट गेला की भागीदारांत भांडणं, पडद्यांची वाटणी, सावकाराची जप्ती. ललितकलादर्शचं तसं झालं नाही. मंडळीतलेच नट बापूराव पेंढारकर मालक झाले. नात्याचे ना गोत्याचे. पुढच्याच वर्षी, 1922 मध्ये, त्यांनी वरेरकरांचं ‘सत्तेचे गुलाम’ आणलं. गांधींचा विचार मराठी रंगभूमीवर इतक्या उघडपणे मांडणारं ते नाटक. 1923 मध्ये अस्पृश्यतेवरचं ‘तुरुंगाच्या दारात’. पुढे ‘सोन्याचा कळस’, त्यात गिरणी कामगार. नव्या लेखकाला हात द्यायचा आणि चालू काळाचा प्रश्न नाटकात घ्यायचा, ही वाट केशवरावांनी पाडली होती आणि बापूराव त्याच वाटेनं चालले. 1937 मध्ये बापूरावही गेले.

बापूरावांच्या मुलाचा, भालचंद्र पेंढारकरांचा जन्म 25 नोव्हेंबर 1921 चा. केशवराव जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. नाट्यसृष्टीत सगळे त्यांना अण्णा म्हणत. वडिलांच्या मृत्यूनंतर थंडावलेली मंडळी त्यांनी ऐन विशीत पुन्हा उभी केली, बोलपटांनी नाटकवाल्यांचं कंबरडं मोडलेल्या काळात. ‘दुरितांचे तिमिर जावो’, ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘जय जय गौरीशंकर’ ही नाटकं ज्यांनी पाहिली त्यांना अण्णांची शिस्तही आठवत असेल. ठरल्या वेळेला तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा. नाटकांचं ध्वनिमुद्रण करून ते जपून ठेवण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. 2015 मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, ते गेले. हुबळीला एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलानं लावलेलं रोप शंभर वर्षं टिकलं. बालगंधर्वांवर माझी भक्ती आहे, ती कुणापेक्षा कमी नाही. पण त्यांची मंडळी त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाली. मालक म्हणून केशवराव थोर, असं मी हे सगळं वाचल्यावर ठामपणे म्हणतो.

आता नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचं काम हाती घेतलं आहे. दगडी भिंती, लाकूडकाम, जुना घाट जसाच्या तसा राखावा अशी सगळ्या गावाची मागणी आहे, माझीही आहे. तिच्यात एक भर घालावी, अशी कोल्हापूरकरांना विनंती. दर्शनी भागात केशवरावांची तसबीर लागेलच. तिच्याशेजारी त्यांच्या मंडळीनं केलेल्या नाटकांची पाटी लावा, लेखकांच्या नावांसकट. आणि त्या पाटीवर 1912 सालापुढे हिराबाई पेडणेकर हे नाव ठळक अक्षरांत लिहा.