मंद होणारा दिवा

लंडनमधील एका जुन्या घरात पॉला रात्री एकटीच बसलेली असते. खोलीतील गॅसचा दिवा एकाएकी मंद होतो आणि बंद माळ्यावरून पावले ऐकू येतात. पती ग्रेगरी म्हणतो, हे सारे तुझ्या मनाचे खेळ आहेत. तिची वस्तू तोच लपवतो आणि ‘तू विसरलीस’ असे पुन्हा पुन्हा बजावतो. स्वयंपाकीण एलिझाबेथला कमी ऐकू येते, त्यामुळे त्या पावलांना दुसरा साक्षीदारही नसतो.

जॉर्ज क्यूकर यांचा ‘गॅसलाइट’ हा चित्रपट १९४४ सालचा. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ मधील नाटकावर तो आधारलेला आहे. पॉलाच्या भूमिकेसाठी इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळाले. दिव्याचे कोडे तसे साधेच आहे. मृत मावशीची रत्ने शोधण्यासाठी ग्रेगरी माळ्यावर दिवा लावतो. तिकडे गॅस वळला की खालची ज्योत उतरते. पॉलाचे डोळे तिला फसवत नव्हते. फसवत होता तो तिचा पती. याच चित्रपटावरून अशा मानसिक छळाला ‘गॅसलाइटिंग’ हे नाव पडले.

उतारवयात आपल्या स्मरणशक्तीविषयी शंका लवकर येते. त्यात घरातल्यांनीच, सहज का होईना, ‘तुम्हाला काही आठवत नाही’ असे रोज ऐकवले, तर माणूस बोलायचेच सोडून देतो. म्हणून शुश्रूषा करणाऱ्यांनी आजीआजोबांची तक्रार आधी स्वतः पडताळावी, मग मत द्यावे. पैशांचे व औषधांचे व्यवहार वहीत लिहून ठेवावेत. खरोखरच विस्मरण वाढले असेल किंवा भास होत असतील, तर वाद न घालता डॉक्टरांना दाखवावे. श्रवणाची व दृष्टीची तपासणीही करून घ्यावी. आणि ज्येष्ठांनो, घरातील कोणी तुम्हाला धाकात ठेवून कागदांवर सह्या मागत असेल, तर गप्प राहू नका. विश्वासातल्या माणसाशी बोला किंवा ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर संपर्क साधा.

चित्रपटात पोलीस अधिकारी कॅमेरॉन पॉलाजवळ बसलेला असताना दिवा मंद होतो आणि तो त्यालाही दिसतो. त्या क्षणी पॉलाला जणू आपले मन परत मिळते. तिला तोवर औषधाची नव्हे, ‘होय, मलाही दिसले’ एवढे म्हणणाऱ्या माणसाची गरज होती.