जमिनीखालच्या नळाचा माग

पावसाळा संपला की शहरांत रस्ते खणायला सुरुवात होते. सिडकोने १९७० पासून आखून वसवलेली नवी मुंबईही त्याला अपवाद नाही. पाण्याचे नळ, विजेच्या केबल, टेलिफोनच्या तारा आणि गॅसच्या नळ्या जमिनीखाली शेजारी शेजारी असतात. त्यांचे नकाशे असतात. पण नकाशातली रेषा आणि प्रत्यक्ष नळ यांत हातभर अंतर सहज पडते, आणि कुदळीचा घाव चुकीच्या जागी बसायला तेवढे पुरते. म्हणून खणण्याआधी लांब दांड्याचे एक यंत्र जमिनीवरून फिरवतात. ते नेमके काय शोधते?

नळ नव्हे! नळातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र शोधते. लोखंडी नळात आपण होऊन प्रवाह नसतो, म्हणून एका प्रेषकाने त्यात प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. त्याची वारंवारता सेकंदाला ८,००० किंवा ३३,००० आवर्तने अशी ठरवून घेतलेली असते. वर फिरणाऱ्या यंत्रातल्या तारेच्या वेटोळ्यात या बदलत्या क्षेत्रामुळे विद्युतदाब प्रवर्तित होतो आणि आवाज ऐकू येतो. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेले तत्त्व ते हेच.

सरळ तारेभोवतीच्या बलरेषा वर्तुळाकार असतात. त्यामुळे नळाच्या बरोबर वर क्षेत्र आडवे असते. वेटोळ्याचा अक्ष उभा धरला, तर तेथे आवाज बंद पडतो. तिथे खडूने खूण करा. आता अक्ष ४५ अंशांनी नळाकडे कलता ठेवून, वेटोळे जमिनीलगत धरून, नळाशी काटकोनात बाजूला सरका. आवाज पुन्हा जेथे बंद पडेल, तेथून खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे नळाची खोली. का, ते विद्यार्थ्यांनाच आकृती काढून सिद्ध करू द्या. दोन्ही बाजूंना अंतर वेगळे आले, तर शेजारी दुसरी वाहिनी असल्याचा संशय घ्यावा.

हे वर्गात करता येते. लोखंडी बोल्टवर बारीक इनॅमल तारेचे हजारभर वेढे गुंडाळून त्याची टोके शाळेच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या माइकच्या जागी जोडा. १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरवर स्कूटरचा इंडिकेटरचा दिवा लावा. मात्र ट्रान्सफॉर्मर दोन-तीन मीटर दूर हवा, नाहीतर त्याचीच घरघर ऐकू येईल. एक तार बाकाखालून न्या, दुसरी लांबून परत आणा. वेटोळे बाकावरून फिरवले की तार सापडते. (घरातल्या विजेच्या वायरीवर हा प्रयोग करू नये.) आता दोन्ही तारांना एकत्र पीळ घाला. दिवा तसाच जळत राहतो, पण आवाज जवळजवळ नाहीसा होतो, कारण जाणारा व येणारा प्रवाह एकमेकांचे क्षेत्र पुसून टाकतात.

नेमका येथेच धोका आहे. विजेच्या केबलमध्ये तारा अशाच एकत्र असतात. शिवाय केबलला दाब असला तरी पलीकडे वीज वापरली जात नसेल, तर प्रवाह जवळजवळ नसतो. यंत्र गप्प राहते, केबल मात्र जिवंत असते.

प्लॅस्टिकच्या नळीत तर प्रवाह सोडताच येत नाही. गॅसच्या पॉलिथिलीनच्या नळ्या अशाच. त्यांच्यासोबत पुरताना तांब्याची तार टाकली असेल तर ठीक. नसेल, तर जमिनीत रेडिओलहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी पकडणारे रडार वापरतात. कोरड्या वाळूत ते छान चालते. पण वाशीसारखा भाग खाडीकाठच्या दलदलीत भराव टाकून उभा राहिला आहे. खारे पाणी मुरलेली चिकणमाती विजेची सुवाहक असते. लहरींची ऊर्जा ती शोषून घेते आणि एखाद्या मीटरच्या आतच रडार आंधळे होते. मुरमाचा भराव जाड असेल तिथे त्याला थोडे अधिक दिसते, इतकेच.

खणणाऱ्याने आधी वाहिन्यांच्या मालकांना कळवावे, यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल अ‍ॅप सुरू केले. त्यानंतरही जाणते मुकादम जेसीबी लावण्यापूर्वी खुणेच्या जागी हाताने छोटा खड्डा घेऊन नळ डोळ्यांनी पाहतात. त्याला ते ‘ट्रायल पिट’ म्हणतात.